येळवशीची गरम भज्जी

‘आईच्या हातची चव’ हे शब्द कानावर पडले की माझं डोकं फिरतं. ते कुठेही पडतात. मोबाइलवर कुणीतरी ताज्या मेथीची जुडी कॅमेऱ्यापुढे धरून म्हणत असतं. लग्नाच्या पंगतीत ढेकर देता देता कुणीतरी म्हणतं. बोलणाऱ्याला चव आठवत असते, हात आठवत नसतात. मला हात आठवतात.

माझ्या आईच्या दोन्ही मनगटांवर हिवाळ्याच्या तोंडाला नांदेडच्या एका दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. आधी उजव्या, मग डाव्या. नस दबली होती. सुरुवातीला बोटांना मुंग्या यायच्या, मग बोटं बधिर व्हायला लागली, मग कपबशी हातातून सुटायला लागली. डॉक्टरांनी तपासताना विचारलं, "काय काम करता तुम्ही?"

आई म्हणाली, "काई न्हाई. घरीच असते."

मी शेजारी उभी होते. मी म्हटलं, "डॉक्टर, ती लग्न झाल्यापासून रोज भाकरी थापते. घरच्यांच्या, आल्यागेल्यांच्या, मोर्चाला जाणाऱ्यांच्या." डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर ‘गृहिणी’ असं लिहिलं. मग सांगितलं, संक्रांत होईपर्यंत थापणं, पिळणं, वाटणं, जड उचलणं, सगळं बंद. आई दवाखान्याच्या पायऱ्या उतरली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "संक्रांतीच्या आधी येळवस येती की गं."

लातूरकडच्या माणसाला येळवस समजावून सांगावी लागत नाही. आम्ही राहतो नांदेडात आणि आमचं शेत आहे औशाच्या पलीकडे, त्यामुळे आमच्या गल्लीत ती दरसाल समजावून सांगावी लागते. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी लातूर शहरात दुकानं बंद असतात, रस्ते ओस पडतात, सगळं गाव शेतात असतं. शेतात कडब्याची छोटी कोप, म्हणजे झोपडी, उभी करतात, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडतात, त्यांची पूजा करतात आणि मग जेवतात. ज्याला शेत नाही त्याला शेत असलेला बोलावतो. ओळख असायला पाहिजे असंही नाही. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवतात. जेवणात आंबील असते, म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात शिजवून लसूण घालून आंबवलेलं पेय. बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे, असतात, भाकरी असतात, गव्हाची खीर असते. आणि या सगळ्यांची राणी भज्जी.

भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. नांदेडात दर वेळी हाच घोटाळा होतो. त्या दिवसांत शेतात जे जे हिरवं असतं ते सगळं एका पातेल्यात येतं. तुरीचे कोवळे दाणे, वाटाणा, हरभऱ्याचे सोले, ओल्या शेंगा, मेथी, पालक, कांद्याची पात, गाजर, वांगं. त्यात चिंचेचं पाणी, हिरवी मिरची, लसूण, आणि शेवटी बेसन लावून घट्ट करतात. वर्षातून एकदाच होते, कारण वर्षातून एकदाच हे सगळे एकत्र कोवळे असतात. पंधरा दिवस आधी केली तर तुरीत दाणा भरलेला नसतो, पंधरा दिवसांनी केली तर दाणा निबर होतो.

या स्वयंपाकात आनंद आहे, हे मी कुणाहीपेक्षा जास्त मानते. लहानपणी आम्ही दोन दिवस आधी गावी जायचो. ओसरीत पोत्यानं शेंगा ओतलेल्या असायच्या आणि आई, काकू, मी, बायकांचा गोलच्या गोल सोलायला बसायचा. ओल्या तुरीच्या सालींचा एक उग्र हिरवा वास असतो, तो बोटांना दोन दिवस राहतो. हरभऱ्याच्या घाट्यांवरची आंब बोटाला लागली की बोट चाटायचं, जीभ चरचरते. आई सोलता सोलता निम्मे वाटाणे खायची. काकू ओरडायची, "अवो जाऊबाई, पातेल्यात बी टाका की चार!" आई म्हणायची, "पातेलंबी माझंच अन् पोटबी माझंच." ती खाण्यावर मनापासून प्रेम करणारी बाई आहे. तिला कोवळं काय, जून काय, हे दाताखाली धरून कळतं आणि ते सांगताना तिचे डोळे चमकतात.

आणि अशी ही बाई येळवशीला भज्जी गार खाते. दरसाल.

कारण बायका आदल्या संध्याकाळपासून चुलीपाशी असतात. सकाळी सगळं टोपल्यांत भरून, आंबिलीचं मातीचं बिंदगं शालीत गुंडाळून डोक्यावर घेऊन शेतात जातात. नैवेद्य होतो. मग पुरुष बसतात. मग पाहुणे येतात, मग पाहुण्यांचे पाहुणे. बायका वाढत राहतात. उन्हं कलली की बायकांना कुणीतरी म्हणतं, "आता तुम्ही बी बसा की!" तेव्हा पातेल्याच्या तळाशी जे उरलेलं असतं त्यावर बेसनाची साय धरलेली असते. एकदा मी आईला विचारलं होतं, यंदाची कशी झाली? ती म्हणाली, "मला शिजतानाचा वास माहीत हाय. गरम असताना कशी लागती ते तुम्ही सांगा."

हे वाक्य मी विसरले नाही. माझ्या बाबांना ते ऐकूही गेलं नसेल.

बाबांबद्दल नीट सांगायला हवं, नाहीतर ते कुणीतरी दुष्ट माणूस आहेत असं वाटेल. बाबा नांदेडात जुन्या वस्तीत छोटा छापखाना चालवतात. पुढे मशीन, मागे आमच्या दोन खोल्या. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापून पोट भरायचं आणि हमालांची, शेतमजुरांची, अंगणवाडीच्या बायकांची पत्रकं जवळपास फुकट छापायची, असा त्यांचा धंदा. बरीचशी पत्रकं तेच लिहितात. मी अक्षरं ओळखायला शिकले ती या पत्रकांवर. आमच्या घरात भाकरी उरलेल्या पत्रकांवर ठेवायचे. शाळेच्या वहीला कव्हर पत्रकाचं. ‘शोषण’ हा शब्द मला ‘पोपट’च्या आधी लिहिता येत होता. बाबांनी लाठ्या खाल्ल्या आहेत, तुरुंगात गेलेले आहेत, कुणाचा एक रुपया बुडवलेला नाही. घरकाम हेही काम आहे, त्याला मोल आहे, असं पत्रक त्यांनी महिला दिनाला लिहिलं होतं आणि ते अजूनही मला पाठ आहे. आणि या माणसाला आपल्या घरातला मिठाचा डबा कोणता ते माहीत नाही. मी कधीतरी हे बोलून दाखवलं तर ते हसतात. म्हणतात, "अगं, तुझ्या आईचं राज्य आहे ते. तिथं मी कशाला घुसू?" मला त्या हसण्याचा राग येतो. असलं राज्य ते एका दिवसासाठीही चालवायला घेणार नाहीत.

तर यंदा आईच्या दुसऱ्या हाताचे टाके निघून थोडेच दिवस झाले होते. मी सकाळी स्वयंपाक करायचे, मग कामावर जायचे. संध्याकाळी छापखान्यात शिरले तर बाबा फोनवर मोठ्यानं बोलत होते. "या या, सगळेच या! लातूरहून गाडी करा. घरची भज्जी, घरची आंबील, शेतातली बोरं. आता असं ताजं शहरात कुठं मिळतंय?" फोन ठेवला आणि दुसरा लावला. पुन्हा तेच. कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर त्यांनी आमंत्रण टाकलेलंही होतं. खाली अंगठ्यांची रांग लागली होती.

मी विचारलं, "भज्जी कोण करणार?"

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे? दरसाल होते तशी होईल."

"दरसाल आई करते. आईचे हात बघितलेत का?"

"अगं, तिला करू देणार आहे का मी? तुझी काकू आहे. तू आहेस."

मशीन बंद होतं, त्यामुळे माझा आवाज गल्लीपर्यंत गेला असेल. मी म्हटलं, मी येणार नाही. मी एक शेंग सोलणार नाही. तुमच्या ग्रुपवर लिहिते की या घरात संप आहे. घरकामाला मोल आहे ना? मग मोल बाजूला राहू द्या, निदान ज्या बाईचे हात कापलेत तिच्या नावानं पाहुणे तरी बोलावू नका. बाबा म्हणाले, "तू मुद्दा वैयक्तिक करायलीस." मी म्हटलं, "भूक वैयक्तिकच असते." आमचे मशीनमन चाचा शाईचे हात पुसत कोपऱ्यात उभे होते. बाबांच्याच वयाचे, आमच्याच गल्लीतले, छापखाना सुरू झाल्यापासूनचे. ते छताकडे बघत होते. चाची त्यांचा डबा घेऊन आली होती. ती मात्र छताकडे बघत नव्हती, तिला मजा वाटत होती.

पडद्याआडून आई आली. मला वाटलं, ती माझ्या बाजूनं बोलेल. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "माझ्या नावानं संप करायला मला इचारलं का?"

मी विचारलं नव्हतं.

"येळवस होणार. भज्जी होणार. तूर सध्या कशी भरली असेल ठाव हाय का? मी वर्षभर वाट बघते तिची. तुमच्या भांडणात ती जून करू नका." मग बाबांकडे. "पण मी करणार न्हाई, ही करणार न्हाई, अन् तिकडं एकट्या जाऊबाईच्या गळ्यात टाकायची न्हाई. ज्यानं बोलावलं त्यानं करायची."

बाबा म्हणाले, "मी?"

"तुम्ही, तुमचे भाऊ, ही तुमची फौज. शेतातच चूल मांडा. इचारा, सांगते." आई स्टुलावर बसली. "अन् मला एकच पाहिजे. पातेलं उतरलं, देवाला दाखवलं, की पहिलं ताट माझं. वाफ निघत असताना. एवढ्या वर्षांत एकदा मला ती गरम खाऊन बघायची हाय."

चाची म्हणाली, "हौ भाभी, बराबर बोले. पक्का करालो, इनका क्या भरोसा!"

बाबांना असल्या क्षणी काय करायचं ते सवयीनं माहीत असतं. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "मागणी मान्य. मंजूर!" चाचांनी टाळी वाजवली. मला त्या टाळीचासुद्धा राग आला, पण आई हसत होती, म्हणून मी गावी शेंगा सोलायला जायचं कबूल केलं.

बाबांनी त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकलं, यंदा भज्जी पुरुष करणार. या वेळी अंगठे नाहीत, फुलं आली. कुणी लिहिलं, ‘क्रांतिकारी पाऊल’. आईनं आजवर केलेल्या सगळ्या भज्ज्यांना मिळून एकही फूल मिळालेलं नाही.

येळवशीच्या दिवशी पहाटे मी, काकू आणि नांदेडहून आमच्याबरोबर आलेली चाची गावातल्या घरी उठलो आणि भाकरी करायला बसलो. कारण भज्जी पुरुष करणार होते, पण भाकरी, उंडे, खीर आणि आंबील कोण करणार, हे कुणी बोललंच नव्हतं. काकूला यात काही विचित्र वाटलं नाही. तिला तर पातेलंभर काम कमी झाल्याचा आनंद होता. ती भाकरी उलथत म्हणाली, "तुझे काका उठल्यापासून मिरच्या निवडायलेत. चार मिरच्यांना किती येळ लावावा माणसानं!"

चाची म्हणाली, "नक्को बोलो, नजर लगेगी."

आई उंबऱ्यावर बसली होती, रिकामे हात मांडीवर ठेवून. ती सारखी उठायला जायची आणि आम्ही तिघी एकदम ओरडायचो.

शेतात पोचलो तेव्हा धुरानं सगळं भरून गेलं होतं. काकांनी तुरीच्या ओल्या काड्या चुलीत घातल्या होत्या. बाबा डोळे चोळत फुंकर मारत होते. कार्यकर्ते हळूहळू येत होते आणि आल्याबरोबर प्रत्येक जण आधी फोटो काढत होता. बाबा आणि पळी. बाबा, काका आणि पळी. एक लातूरचे गृहस्थ होते, सभांमध्ये शेवटी बोलणारे, भरदार आवाजाचे. त्यांनी बाह्या सरसावल्या, एक गाजर चिरलं, त्याचा व्हिडिओ काढून घेतला आणि सतरंजीवर जाऊन बसले.

पण खरं सांगायचं तर बाकीच्यांनी मन लावून केलं. बोरीच्या झाडाखाली घोंगडीवर आईला बसवलं होतं आणि दर थोड्या वेळानं चुलीकडून हाक यायची.

"वहिनी, चिंच आता का मागून?"

"दाणा बोटानं दाबून बघा. मऊ झालाय का?"

"झालाय!"

"कुणाच्या बोटानं बघितलं? भाऊजींच्या? त्यांचं बोट दगडालाबी मऊ म्हणतंय. अजून शिजू द्या."

सगळे हसले, काकाही हसले. बेसन चाचांनी घोटलं. शाई घोटायची सवय होती, एक गाठ राहिली नाही. मिरची-लसणाची फोडणी पडली आणि वास वाऱ्यावर शेजारच्या शेतापर्यंत गेला. तिकडून कुणीतरी ओरडलं, "जमली का वो?" बाबा पळी उंच धरून ओरडले, "जमली!" त्यांचा चेहरा धुरानं काळा आणि आनंदानं लाल झाला होता. इतके खूश मी त्यांना कुठल्या मोर्चातही पाहिलं नव्हतं.

भज्जी खरंच चांगली झाली होती. माझ्या आत काहीतरी पेटलं ते तिथून. एका सकाळीत जमलं की! हाक मारून विचारत विचारत, चुकत, हसत, एका सकाळीत जमलं. म्हणजे यात अवघड असं काही नव्हतंच. कुणाला कधी करावंसं वाटलं नव्हतं, एवढंच. आणि ज्या कामात एवढा आनंद आहे तो आनंदसुद्धा त्यांना फुकट मिळाला, भाकरी आमच्याकडून आल्या, भांडी आम्ही घासणार होतो. कामातला मजेचा तुकडा त्यांनी उचलला होता.

पूजा झाली. काकांनी आंबील घेऊन शेताला फेरी मारली, उभ्या ज्वारीवर शिंपडली. पांडवांना नैवेद्य दाखवला. पातेल्यावरचं झाकण काढलं आणि वाफेचा एक मोठा ढग वर आला. आई बोरीखालून उठली. तिनं पदरानं हात पुसले. जेवायला बसण्याआधी माणूस पुसतो तसे.

तेवढ्यात लातूरचे ते गृहस्थ सतरंजीवरून म्हणाले, "चला, आज आपण राबलोय! काय ते पत्रक तुमचं? राबणाऱ्याचं ताट आधी!"

ते बाबांचंच पत्रक. हमालांच्या आंदोलनातलं, त्याचा मथळा सगळ्यांना तोंडपाठ होता. तीन-चार जण एका सुरात ओरडले, "राबणाऱ्याचं ताट आधी!" हशा झाला. बाबाही हसले, आपली ओळ लोकांच्या तोंडी ऐकून लेखक हसतो तसे. आणि हसत हसत पंगतीत जाऊन बसले. काका बसले. चाचा थोडे घुटमळले, कुणीतरी त्यांचा हात धरून त्यांना खाली ओढलं.

काकूनं पातेल्यात पळी घातली आणि वाढायला सुरुवात केली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुरुष खाली बसले की तिचा हात आपोआप पळीकडे जातो. पहिलं ताट बाबांपुढे गेलं.

मी दुरडी घेऊन उभी होते. मी आईकडे बघितलं. ती पंगतीच्या टोकाशी थांबली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती वाफेकडे बघत होती. मग ती वळली, आणि आंबिलीच्या बिंदग्याशी जाऊन पेला उचलायला लागली. वाढायला. बधिर बोटांत पेला नीट बसेना, तिनं तो दोन्ही तळहातांत धरला.

मी दुरडी खाली ठेवली. बाबांसमोर गेले आणि त्यांच्यापुढचं ताट उचललं.

ज्यांना हे किरकोळ वाटेल त्यांनी आमच्याकडे एखाद्या पंगतीत करून बघावं. भरल्या ताटावरून माणसाला उठवणं हे आमच्याकडे भाऊबंदकीतसुद्धा करत नाहीत. बाबांचा भाकरी मोडलेला हात हवेतच राहिला. 

"हे काय करायलीस?" बाबा म्हणाले.

"ही आईची जागा आहे. उठा."

काका म्हणाले, "अगं पोरी, ताटावरून उठवत न्हाईत माणसाला. येळवस हाय आज!"

"आईला कधी उठवलं नाही तुम्ही. बसवलंच नाही, तर उठवणार कसं?"

लातूरचे गृहस्थ समजूत घालायच्या आवाजात म्हणाले, "बाळा, त्यांना जेवू दे. वहिनींना दुसरं ताट वाढ की. पातेलं भरलेलं आहे. काय फरक पडतो?"

"भरलेलं तर दरसाल असतं," मी म्हटलं.  "दरसाल पातेलं भरलेलं असतं आणि दरसाल काय फरक पडतो असं कुणीतरी विचारतं. तुम्ही आज एक गाजर चिरलं आणि राबणारे झालात. एक गाजर! आम्ही तिघींनी पहाटेपासून भाकरी थापल्या, त्या तुमच्या पत्रकात कुठं बसतात?"

चाची मागून म्हणाली, "भाई, मंजूर बोले थे ना तुम? मैं थी वहाँ, मेरे कानों से सुनी."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी आईकडे बघितलं. मला वाटतं, तेव्हा त्यांना आठवलं. ते विसरले होते. मनात कपट नव्हतं, मोडायचं असं ठरवलं नव्हतं, फक्त विसरले होते. मला याचाच संताप आला. हमालांच्या मागण्या या माणसाला वर्षानुवर्षं तारखेनिशी लक्षात राहतात. आईची एक मागणी, तीही एका ताटाची, छापखान्यापासून शेतापर्यंत टिकली नाही.

आई पेला ठेवून आली. मला म्हणाली, "ठेव खाली ते ताट. हिंदकळायलंय."

मी ठेवलं. मला वाटलं, संपलं. ती आता म्हणेल, बसा, जेवा, पोरीचं मनावर घेऊ नका.

ती बाबांना म्हणाली, "सरका."

बाबा उठले. त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. आई त्यांच्या जागेवर मांडी घालून बसली, पुरुषांच्या पंगतीत, काका आणि चाचांच्या मधे. तिनं ताट जवळ ओढलं, भाकरी घेतली आणि मोडायला गेली. भाकरी मोडेना. अंगठा आणि बोट जुळत होतं, पण त्यात जोर येत नव्हता. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मनगटावरच्या ताज्या व्रणाची कातडी ताणली गेली.

मला हे माहीत होतं. घरी रोज मीच तिला भाकरी कुस्करून द्यायचे. बाबांनी ते पहिल्यांदा पाहिलं. एका घरात, एका छपराखाली राहून पहिल्यांदा पाहिलं. ते गुडघ्यावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "थांब. दे, मी कुस्करतो."

आई म्हणाली, "हात बघा आधी स्वतःचे."

त्यांचे हात कोळशानं काळे होते. पंगतीत कुणीतरी फसकन हसलं, मग चाचा हसले. बाबा तसेच उठून पाण्याच्या घागरीकडे गेले, जवळजवळ पळतच. मी खाली बसले आणि भाकरी कुस्करली. वर भज्जी ओतली, ती अजून इतकी गरम होती की माझी बोटं भाजली. आईनं चार बोटांनी घास गोळा केला आणि तोंडात घातला. जीभ पोळली असणार, तिनं तोंड उघडून वाफ बाहेर सोडली, डोळ्यांत पाणी आलं, तरी घास बाहेर काढला नाही. मग ती सावकाश चावायला लागली. तूर, वाटाणा, हरभरा, एकेक दाणा वेगळा काढून बघत असल्यासारखी.

 काकू पळी हातात धरून उभीच होती. चाचीनं तिच्या हातातली पळी घेतली, तिला दंडाला धरून आईशेजारी बसवलं आणि स्वतःही बसली. "सरको भाई," ती लातूरच्या गृहस्थांना म्हणाली, "हम भी राबे." ते सरकले. मग मीही बसले. पंगतीत जागा झाली. आणखी दोघं पुरुष आपापली ताटं उचलून बाजूला उठून गेले, मनापासून की लाजेनं ते मला माहीत नाही आणि मी त्यांचं कौतुक करणार नाही.

बाबा ओले हात झटकत परत आले. त्यांना बसायला जागा उरली नव्हती. पळी पातेल्यावर आडवी पडली होती, ती त्यांनी उचलली. आईसमोर वाकून त्यांनी विचारलं, "कशी झालीये?"

आई उत्तर द्यायला मोकळी नव्हती. तिचं तोंड भरलेलं होतं. तिनं बोटानं ताटाकडे दाखवलं.

बाबांनी वाढली. मग थांबून, दरसाल आई विचारते तसं, विचारलं, "बस?"

आई बस म्हणाली नाही.